तुळशीच्या लग्नापर्यंत उसनी वाद्ये : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये २२ वर्षे युफोनियम हे पितळी फुंकवाद्य वाजवले. निवृत्तीनंतर हिंगोली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मुलामुलींना बँड शिकवतो. मानधन मिळत नाही, आणि ते मागण्यासाठी हे पत्र नाही. शाळांच्या बँड स्पर्धेत काही भागांतली मुले दरवर्षी दिसतात आणि काही भागांतली दिसतच नाहीत. याचे कारण मी वाजवणारा म्हणूनही पाहिले आणि शिकवणारा म्हणूनही. ते आपल्या कानावर घालायचे आहे.

केंद्राचे शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात, हे आपण जाणताच. आधी राज्याची फेरी, मग पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा विभागांची, आणि जानेवारीत दिल्लीत अंतिम. ब्रास बँड म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, पाइप बँड म्हणजे बॅगपाइपचा; दोन्हींत मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. असे ४ गट आणि अंतिम फेरीत १६ संघ. स्पर्धा चांगली आहे. माझ्या मुलांना सरळ रांगेत चालता चालता सूर धरायला याच स्पर्धेच्या ओढीने आले.

आम्ही राज्याच्या फेरीला गेलो तेव्हा रात्रीच्या एसटीने गेलो. बास ड्रम मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि दोन पोरे रात्रभर त्याला धरून बसली. मैदानावर आमच्या शेजारी जो संघ सराव करत होता, त्याच्याबरोबर सैन्यातून निवृत्त झालेले बँडमास्तर होते. ते एकेका मुलासमोर उभे राहून ट्रम्पेटची सुराची नळी केसभर आतबाहेर सरकवत होते. पाच मिनिटांत सगळा संघ एका सुरावर आला. मलाही ते येते. पण आमच्या २ ट्रम्पेटपैकी एक जुन्या उंच पट्टीचे आहे. नळी पूर्ण बाहेर ओढली तरी ते खाली उतरत नाही. परीक्षकांनी आमच्या कागदावर सुराचे गुण कापले. बरोबरच कापले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कापले असते.

परत येताना मला एकच गोष्ट दिसत होती. आमची मुले कमी पडली नव्हती. आम्ही छावणीपासून फार लांब राहतो, एवढेच.

राज्यातल्या लष्करी छावण्या मोजून पाहा. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कामठी. एकूण ७. मराठवाड्यात एक, तीही एका टोकाला. विदर्भात एक, तीही तशीच. कोकणात एकही नाही. लष्करातला बँडवाला पचमढीच्या सैनिकी संगीत विभागात शिकतो, रेजिमेंटमध्ये आयुष्य काढतो, आणि निवृत्त झाला की बहुतेक वेळा छावणीच्या आसपासच घर करतो, कारण मुलांच्या शाळा तिथे असतात. मग त्याच शाळांना बँडमास्तर मिळतो. २०२५च्या प्रजासत्ताक दिनी बेळगाव छावणीतल्या केंद्रीय विद्यालयाच्या मुलांचा पाइप बँड दिल्लीत वाजला. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. तिथल्या मुलांनी लहानपणापासून सकाळी पाइप ऐकलेला असतो. त्यांचे कौतुक कमी करायचे नाही, पण ते यश कुठून आले हेही सांगितले पाहिजे.

देशभर हेच दिसते. गढवाल-कुमाऊँमध्ये पलटणीतून आलेला बॅगपाइप मशकबीन होऊन लग्नाच्या वरातीत गेला, इतका की आता तो परका आहे असे कोणाला वाटत नाही. मिझोराममध्ये मिशनऱ्यांनी चर्चमधून स्वरलिपी आणि ब्रास आणले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा (दो-रे-मी ही पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्यातूनच निघालेल्या गोंयकारांनी संस्थानांचे बँड सांभाळले आणि पुढे मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद. जिथे शिकवणारा शंभर वर्षे टिकला, तिथे बँड आहे.

यावर कोणी म्हणेल, मग शंभर वर्षे थांबा. थांबायची गरज नाही, आणि याचा पुरावा त्याच २०२५च्या संचलनात होता. झारखंडमधल्या पटमदाच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयातल्या मुलींचा पाइप बँड कर्तव्य पथावर वाजला. पटमदा छावणीचे गाव नाही. कस्तुरबा विद्यालय ही तर शाळा सुटलेल्या, गरीब घरच्या मुलींसाठीची निवासी शाळा. साहेब, ही योजना आपल्याही राज्यात चालते. आपल्या मागास तालुक्यांत अशीच विद्यालये आहेत, अशाच मुली आहेत, शिवाय आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. निवासी शाळेचा बँडला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे संध्याकाळ. ब्रास वाजवताना ओठ बसायला रोजचा सराव लागतो. आठवड्यातून एकदा दोन तास फुंकून काही होत नाही. रोज पाऊण तास, एकच लांब सूर धरून, असे महिनोन्‌महिने करावे लागते. आमच्या शाळेतली मुले पाच वाजता बस पकडून गावी जातात. आश्रमशाळेतली मुले तिथेच असतात.

माझी पुतणी अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. तिचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवतो. तो वाजवतानाचे व्हिडिओ ती मला पाठवते आणि मी ते मुलांना दाखवतो. त्या देशातही हा फरक आहे आणि त्याचा इतिहास वाचताना मला आपलेच काही वाचतो आहे असे वाटले. तिथले ड्रम कोअर, म्हणजे चालत वाजवणारे ढोल-बिगुलांचे तरुण संघ, मुख्यतः महायुद्धांनंतर ईशान्येकडच्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या शहरांत वाढले, कारण तिथे माजी सैनिकांच्या संघटना आणि कॅथलिक चर्चचे परगणे त्यांना पोसत होते. १९७२ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या त्यांच्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि ती जिंकली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या संघाने. टेक्सासचे बळ मात्र माजी सैनिकांचे नाही. तिथे बँड हा शाळेचा विषय आहे. वेळापत्रकात त्याचा तास आहे, शिकवणारा शाळेच्या पगारावर आहे, मैदानावर चालण्याचे शारीरिक शिक्षणात गुण धरले जातात. ॲलन गावच्या एका हायस्कूलचा बँड सातआठशे मुलांचा आहे. ही परंपरा रक्तातून आलेली नाही, वेळापत्रकातून आली आहे.

आता माझे मागणे. शिकवणारा कुठून आणायचा, हा आपला पहिला प्रश्न असेल. छावण्या सातच असल्या तरी राखीव पोलीस दलाचे गट जालना, हिंगोली, अमरावती, धुळे, सोलापूर, दौंड, गोंदिया असे राज्यभर आहेत. यातल्या अनेक गटांत बँड आहे. त्या बँडमधून निवृत्त झालेले माझ्यासारखे लोक याच जिल्ह्यांत राहतात, काही शेती करतात, काही लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असलेल्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे ठरवले आहे. त्यात बँड निदेशक धरा. पोलीस भरतीच्या जाहिरातीत बॅण्डस्मन अशी वेगळी पदे निघतात. आमच्या भागातली मुले तिथे अर्जसुद्धा करत नाहीत, कारण वाद्य हातात घेतलेलेच नसते. गृह खात्याशी आपण एकदा बसून बोललात तर दोन्ही बाजूंचे काम होईल.

वाद्यांसाठी जिल्हा नियोजन समितीतून प्रत्येक जिल्ह्याला वाद्यांचा एक साठा द्या. तो एका शाळेच्या मालकीचा नसावा. वर्षभरासाठी शाळांना उसना मिळावा, दुरुस्ती जिल्ह्याने करावी. मेरठच्या जली कोठीत पितळी वाद्यांचे कारखाने आहेत, एकाच पट्टीची वाद्ये तिथून एकत्र मागवता येतात. २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याचे बक्षीस २१,००० रुपये होते, तेवढ्यात बँड उभा राहत नाही. बक्षीस वाढवण्यापेक्षा पहिले वाद्य हाती देण्यावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट, जी मला सर्वांत जवळची आहे. स्पर्धेच्या चारही गटांत ब्रास आणि पाइपच आहेत. पण आपल्या मुलांच्या हातात आधीच ताल आहे. पुण्याची ढोल-ताशा पथके नदीकाठी दोन-दोन महिने सराव करतात, शंभर-दोनशे जण एका टिपऱ्यावर थांबतात. शिस्तीत ती कोणत्याही बँडला कमी नाहीत. नाशिक ढोल तर केरळच्या मिरवणुकांत त्याच नावाने वाजतो. आमच्याकडे हलगी आणि संबळ आहे. सातपुड्यात होळीचे मोठे ढोल आहेत, पालघरला तारपा, रायगड-रत्नागिरीत खालूबाजा, आणि लेझीम तर १९८२च्या दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनात नाचली. केंद्राच्या स्पर्धेचे नियम आपल्या हातात नसतील, पण राज्याच्या फेरीत पाचवा गट काढणे आपल्या हातात आहे : चालत वाजवायचा देशी वाद्यांचा गट, ज्याने त्याने आपल्या भागातली वाद्ये आणावीत. एक काळजी घ्यावी लागेल. सगळ्या जिल्ह्यांनी पुण्याच्या पथकाची नक्कल करायला लागू नये. परीक्षकांत त्या त्या वाद्याचा जाणकार असावा. हलगीची कडकड ज्याने ऐकली नाही त्याने हलगीला गुण देऊ नयेत. मी स्वतः ब्रासचा माणूस, पण हलगी वाजवणाऱ्या पोराला ताल शिकवावा लागत नाही, फक्त त्याला पावले आणि थांबे शिकवावे लागतात, हे मी रोज पाहतो.

शेवटी आमच्या वाद्यांचे सांगतो. ती आमची नाहीत. गावातल्या लग्नाच्या बँडच्या मालकाची आहेत. भला माणूस आहे, आषाढीपासून ती शाळेत ठेवू देतो, कारण चातुर्मासात लग्ने नसतात. त्या चार महिन्यांत मुले ओठ बसवतात, दोन धुना बसवतात. तुळशीचे लग्न लागले की त्याच आठवड्यात वाद्ये परत द्यावी लागतात, आणि दिल्लीची फेरी त्यानंतर असते. मग जानेवारीपर्यंत मुले नुसत्या काठ्या धरून पावले करतात, आणि मी तोंडाने धून म्हणतो. या वर्षी माझ्याकडे १४ मुली आणि ९ मुलगे आहेत. तुळशीच्या लग्नाच्या आधी काही करता येईल का, एवढे कळवावे.

आपला नम्र,
राखीव पोलीस दलाच्या बँडमधला एक निवृत्त वादक
जि. हिंगोली