दारावरच्या क्रूसाबद्दल

किल्डेर, आयर्लंड, ३ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर आहे, हीटर चालू आहे.

आई, व्हिडिओ कॉलवर दारावरचा क्रूस बघून तू गप्प झालीस ते कळलं मला. धर्मबिर्म काही बदललेला नाही. तो लव्हाळ्याचा विणलेला क्रूस घरमालकीणबाईंनी लावलाय, दार त्यांचं आहे. १ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिडचा दिवस. नवा क्रूस लावला की घराला आग लागत नाही म्हणतात. दसऱ्याचं तोरणच समज.

ब्रिजिडचा मठ इथेच होता, दीड हजार वर्षांपूर्वी. त्याआधी याच नावाची देवी होती, कवींची, लोहारांची, वैद्यांची. मेंढ्यांना दूध उतरतं त्या या दिवसांत इंबोल्क हा सण असायचा. देवीचीच पुढे संत झाली, असं बरेच जण मानतात. बाबा, राजा मठाला जागा देईना, तेव्हा ती म्हणाली, माझी शाल पसरेल तेवढी दे. शाल पसरतच गेली! सातबाऱ्याची कटकटच नाही.

खरी गंमत कापडाची. ३१ जानेवारीच्या रात्री खिडकीबाहेर कापडाचा तुकडा ठेवायचा. रात्री ब्रिजिड त्या वाटेने जाते आणि त्याला हात लावते. सकाळी दवाने भिजलेला तुकडा आत आणायचा, वाळवायचा, वर्षभर जपायचा. डोकं दुखलं की डोक्याला, घसा धरला की गळ्याला बांधायचा. बाईंनी मलाही रुमाल ठेवायला लावला. रात्रभर पाऊस! दव कुठलं आणि पाऊस कुठला, पण बाई खूश. घसा खवखवत होता म्हणून मी तो बांधलाही. गोळीही घेतली, नर्स आहे मी, काळजी करू नका.

२०२३ पासून या सणाची सरकारी सुट्टी असते, बाईच्या नावाची इथली पहिलीच. काल गावात कार्यक्रम होते. मी ड्युटी मागून घेतली, सुट्टीच्या दिवशी पैसे जास्त मिळतात. म्हणून यंदा स्लॅबसाठी थोडे जास्त पाठवलेत. काकांना आकडा सांगू नका.

साताऱ्याच्या स्थळाला इतक्यात काही कळवू नका. मी नाही म्हणत नाहीये, पण फोटोही पाठवू नका.

आणि ताईच्या लग्नाला रजा मिळत नाहीये. साडीचे पैसे वेगळे पाठवते, चांगली पैठणी घ्या. आजीला मात्र तुम्हीच सांगा, मला फोनवर जमणार नाही.

तुमची,
बेबी