धर्माच्या रकान्यात एक आडवी रेघ

संपादक महोदय,

खानापुरात माझे झेरॉक्सचे आणि अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. २०२५ मध्ये कर्नाटक राज्याचे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झाले, तेव्हा धर्म ‘हिंदू’ सांगायचा की ‘लिंगायत’, यावरून दुकानातल्या बाकावर चहा गार होईपर्यंत वाद रंगला. त्या गडबडीत मला इजिप्तमधले बहाई, म्हणजे बहाई या वेगळ्या धर्माचे लोक, आठवले.

तिथल्या ओळखपत्रात धर्म म्हणून इस्लाम, ख्रिस्ती किंवा यहुदी यांपैकी एकच लिहिता येई. बहाई माणसाने खोटे लिहावे, नाहीतर ओळखपत्राविना बँक, नोकरी, कॉलेज सगळीकडे अडून बसावे. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००९ मध्ये त्या जागी निव्वळ एक आडवी रेघ मिळाली. अर्ज भरणाऱ्यालाच त्या रेघेची किंमत कळावी!

इराणची गोष्ट त्याहून कठीण. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचा जन्म तेहरानचा, १८१७ सालचा. अनुयायी फारसीच बोलणारे. तरी तिथल्या राज्यघटनेचे कलम १३ पारशी, यहुदी आणि ख्रिस्ती एवढ्यांनाच अल्पसंख्य मानते. बहाई मुलांना विद्यापीठाची दारे बंद, म्हणून समाजाने १९८७ पासून स्वतःच उच्च शिक्षणाची सोय केली.

आम्हा सीमाभागातल्यांना हे उलटे वाटते. इथे मराठी आणि कन्नड माणूस यल्लम्माच्या डोंगरावर एकाच रांगेत उभा राहतो, आणि १९५६ पासून भांडतो ते भाषेवरून. धर्म एक असून आमची ओळख एक झाली नाही. तिकडे भाषा एक असून बहाई परके ठरले.

म्हणून विनंती, की सरकारी अर्जांत जिथे गरज नाही तिथे धर्म विचारूच नये. विचारलाच, तर ‘सांगायचे नाही’ हा पर्याय ठेवावा, आणि अर्ज मराठीतही द्यावा.

— एक दुकानदार, खानापूर (जि. बेळगाव)