मंत्रिमहोदय, आमची खोली आम्हाला परत द्या

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आमच्या वॉर्डातल्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राला गणपतीच्या आधी कुलूप लागलं. ‘दुरुस्ती आहे, दिवाळीपूर्वी उघडू,’ असं वॉर्डाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. दिवाळी होऊन गेली. काल खिडकीतून डोकावले, तर दुरुस्तीची एक वीट नाही. आत मंडपाचे वासे, कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणि छताला टेकलेले डीजेचे स्पीकर. हल्ली बहुधा स्पीकरांनाच विरंगुळा लागतो.

त्या खोलीत आम्ही पत्ते कुटत नव्हतो. (कुटले असते तरी काय बिघडलं असतं म्हणा.) मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. सकाळी लोकांचे श्रावणबाळ पेन्शनचे, वयोश्री योजनेचे अर्ज भरून द्यायचे. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. बोटांचे ठसे झिजलेल्यांना मशीन ओळखत नाही, मग मोबाइलवर चेहरा दाखवून काम करायचं. दुपारी पालिका शाळेतली मुलं वाचायला यायची. मानधन नव्हतं, कुणी मागितलंही नाही. रात्री पाठ टेकली की पहाटेपर्यंत झोप लागायची.

आता अडीचला टक्क जाग. उतारवयात झोप हलकी होते, ते मला सांगू नका. दिवसा ऊन नाही, चार माणसांशी बोलणं नाही, अंगाला काम नाही, तर रात्र झाली हे शरीराला कळावं कसं? डॉक्टरांनी गोळी दिली. माझी मैत्रीण तसल्याच गोळीच्या गुंगीत मोरीपाशी पडली, खुबा मोडला. तेव्हापासून माझी गोळी डबीतच आहे. खुब्याच्या एका ऑपरेशनच्या पैशात त्या खोलीचं वीजबिल किती वर्षं भरता येईल, हा हिशेब तुमच्या अर्थखात्याला घाला.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. म्हणजे म्हाताऱ्यांनी जीव घाबरा करून घ्यायचा तो याच वेळेत. आणि चुकून डोळा लागलाच, तर तेच स्पीकर रस्त्यावर येतात. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात की रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. सवलत द्यायचीच तर वर्षात १५ दिवस, तीही बारापर्यंत. पोलिसांना फोन केला, तर ‘आजी, उत्सव आहे, कानात कापूस घाला.’ भाऊंचा वाढदिवस कुठल्या पंचांगात उत्सव आहे?

वयोश्रीचे ३,००० रुपये, एकदाच. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठीच्या माणसासाठी दिल्लीचा वाटा महिना २०० रुपये, कित्येक वर्षं तेवढाच. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली काढली. करोना गेला, सवलत फिरकली नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात आम्ही साठीपुढचे एक कोटी दहा लाखांवर होतो, आता दीड कोटी तरी असू. एवढ्या माणसांकडून काही काम घ्यावं असं तुमच्यापैकी कुणालाच सुचत नाही. आम्हाला द्यायचं ते काठी, चष्मा आणि वाटपाचा फोटो. आमच्याकडून घ्यायचं ते मत. मधली पाच वर्षं आम्ही गप्प पडून राहायचं.

दुरुस्तीचं टेंडर निघालं असेल तर त्याची प्रत द्या. नसेल तर खोली या सोमवारी उघडा. किल्ली वॉर्ड ऑफिसात शोधू नका, ती त्या मंडप-स्पीकरवाल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात असते.

आपली,
टपाल खात्यातून निवृत्त एक नागरिक