कातडीला एक वाक्य पुरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी नाव, बांधण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लाकडाची निवड, वाफेवर बरगड्या वाकवणे, सांध्यांना खिळे न मारता ते दोरीने बांधून घेणे, हे सारे लेखकाने इतक्या आस्थेने लिहिले आहे की वाचणाऱ्याला लगेच रंधा हाती घ्यावासा वाटावा. मात्र अखेरीस ‘सांगाड्यावर कापड शिवून त्याला जलरोधक रंग द्यावा’ अशा एका वाक्यात नावेची सगळी कातडी उरकली आहे. आमच्या घरी आजवर अशा तीन कयाक झाल्या. त्यांचे सांगाडे माझ्या पतीने केले आणि कातड्या मी शिवल्या. सांगाड्याची एखादी पट्टी जराशी वाकडी बसली तरी नाव तरते. शिवण उसवली तर ती बुडते. म्हणून हे पत्र.

कयाक हा शब्दच मुळी आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांचा. तिथे समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सील या समुद्री प्राण्याची कातडी, अशी ही नाव होत असे. कातडी शिवण्याचे काम बायकांचे होते, आणि ते उरलेसुरले काम म्हणून त्यांच्याकडे आलेले नव्हते. गार पाण्यात एकटा गेलेला शिकारी परत येणार की नाही, हे त्या शिवणीवर ठरे. या बायका सुई कातडीच्या जाडीतच शिरवून आरपार न जाऊ देता बाहेर काढत, म्हणजे बाहेरच्या अंगाला छिद्रच पडत नसे. दोरा प्राण्यांच्या स्नायूंच्या तंतूंचा असे. तो भिजला की फुगतो आणि आपले भोक आपणच बुजवतो. वरून चरबीचा हात फिरे, आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागे.

आपल्याला आज जे कापड मिळते ते इतके पातळ असते की त्यात असा आंधळा टाका घालताच येत नाही. सुई आरपार जाते आणि प्रत्येक टाक्याला पाण्याची एक वाट तयार होते. त्यामुळे जुन्या कारागिरीत एकाच शिवणीने होणारी दोन कामे आता वेगळी झाली आहेत: ताण शिवणीने पेलायचा आणि पाणी लेपाने अडवायचे. सैल शिवण लेपाखाली झाकता येईल, असे मानणाऱ्यांची नाव पहिल्या दिवशी कोरडी राहते. पण पाण्यात कापड हलत राहते, लेपाला शिवणीच्या रेषेवर बारीक चिरा जातात, आणि मग पाणी नेमके दिसत नाही अशा जागी आत येऊ लागते.

कापडाची निवडही नुसत्या मजबुतीवर करता येत नाही. नायलॉन चिवट असते, खडकावर घासले तरी सहसा फाटत नाही, पण ते पाणी पिते आणि भिजले की सैलावते. पॉलिस्टर पाण्याने फारसे बदलत नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. म्हणून दोन्ही शिवण्याची रीत निराळी आहे. नायलॉन ओले करून, हाताला लागेल तेवढे ताणून शिवावे, म्हणजे वाळल्यावर ते ढोलकीच्या पुडीसारखे घट्ट बसते. पॉलिस्टर कोरडेच शिवावे आणि उरलेली ढील इस्त्रीने काढावी. हलक्या विमानांच्या पंखांवर चढवतात ते पॉलिस्टरचे कापड सुमारे 120 अंश सेल्सियसपासून टप्प्याटप्प्याने आकसवतात आणि 175 अंशांच्या आसपास थांबतात, कारण त्यापुढे ताण वाढण्याऐवजी ढळू लागतो. इस्त्रीवरच्या खुणेवर विश्वास न ठेवता आधी तुकड्यावर करून पाहावे.

आता प्रत्यक्ष शिवणीविषयी. सांगाड्याला तेल पाजून ते पुरते वाळू द्यावे, कारण कातडी चढल्यावर लाकडाला पुन्हा हात लावता येत नाही. मग सांगाडा उपडा ठेवून कापडाची मध्यरेषा कण्यावर आणावी. उभा धागा कण्याला समांतर हवा. कापड थोडेही उरेब, म्हणजे तिरके, गेले तर एका अंगाला सुरकुत्या येतात आणि त्या कितीही ओढल्या तरी जात नाहीत. दोन्ही टोकांना खोळी शिवून आधी लांबीचा ताण घ्यावा, मग नाव सुलटी करून वरच्या अंगाला दोन्ही कडा एकमेकींकडे ओढाव्यात. यासाठी मी प्रथम कडेपासून थोडे आत, नागमोडी दोरा ओवून घेते आणि तो थोडा थोडा आवळत जाते. टोकांकडून बसण्याच्या जागेकडे यायचे, मध्येच घाई करायची नाही. ताण सगळीकडे सारखा झाला की जास्तीचे कापड कापायचे, पण कात्रीने नव्हे. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने कापले म्हणजे कड वितळून तिथल्या तिथे बंद होते आणि धागे सुटत नाहीत. ती कड दुमडून तिच्यावर दुहेरी शिवण घालायची. दोरा मेणाचा, सुई वाकडी, आणि बोटात अंगुस्तान हवेच, कारण चार पदरांतून सुई रेटताना पहिल्या तासातच बोट सोलवटते. 5 मीटरच्या नावेत बसण्याचे तोंड सोडले तर सुमारे 4 मीटर शिवण उरते. 8 मिलिमीटरला एक टाका धरला तर एका ओळीचे 500 आणि दोन ओळींचे 1000 टाके होतात. टाके याहून फार जवळ घेतले तर कापडाला तिकिटाच्या कडेसारखी भोके पडून ते त्याच रेषेत फाटण्याची भीती असते.

आमच्या पहिल्या नावेत माझी चूक शिवणीनंतर झाली. शिवणीवर सिलिकॉनचा थर दिला तर दुहेरी संरक्षण मिळेल, असे मला वाटले होते. सिलिकॉनवर दुसरा कोणताही लेप धरत नाही, हे मला ठाऊक नव्हते. पॉलीयुरेथेन या जलरोधक लेपाचा हात दिला तेव्हा तो शिवणीच्या दोन्ही बाजूंना नीट बसला आणि नेमका शिवणीवरून, तेलावरून पाणी सरकावे तसा, थेंबाथेंबांनी मागे सरला. सिलिकॉन खरवडून काढूनही त्याचा अंश कापडाच्या विणीत राहिला. शेवटी ती अख्खी शिवण उसवून, कड कापून टाकून, तिथे नवी पट्टी जोडावी लागली.

लेप देताना पहिला हात पातळ आणि विणीत मुरवलेला असावा. ब्रशने तो शिवणीच्या दोन्ही दिशांनी दाबून घालावा. दोन घटकांचे पॉलीयुरेथेन असेल तर आधीचा हात बोटाला किंचित चिकटत असतानाच पुढचा द्यावा. तो पुरता वाळल्यावर द्यायचा झाल्यास मध्ये घासावे लागते, आणि घासताना कागद कापडापर्यंत पोहोचला तर केसाळ तंतू वर येतात. या लेपातल्या आयसोसायनेट या घटकाने दम्यासारखा त्रास जडू शकतो. धुळीसाठी वापरतात तो साधा मास्क त्याला रोखत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे योग्य फिल्टर असलेला मास्क, हातमोजे आणि उघडी हवा यांविना हे काम कोणी करू नये. जलरोधक रंगाची शिफारस करताना लेखात हे यायलाच हवे होते.

लेप पुरता पक्का झाल्यावर मी नावेच्या आत, शिवणीच्या बरोबर खाली, कोरडी वर्तमानपत्रे पसरते आणि वरून शिवणीवर पाण्याची धार धरते. कागदावर पडलेला डाग गळती दाखवतोच, शिवाय वर कोणता टाका पाहायचा तेही सांगतो. एवढे करूनही अशा नावेला आतून पाणी अडवणाऱ्या भिंती नसतात, तेव्हा दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बसवल्याखेरीज आणि अंगात जीवरक्षक जॅकेट असल्याखेरीज ती पाण्यात नेऊ नये.

शिवलेल्या नावेची खरी थोरवी तिच्या दुरुस्तीत दिसते. 1976 आणि 1977 या वर्षांत ब्रिटिश साहसी प्रवासी व लेखक टिम सेव्हरिन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ब्रेंडन’ नावाच्या, बैलांच्या 49 कातड्यांच्या नावेतून अटलांटिक महासागर पार केला. बर्फाच्या तुकड्यांमध्ये तिच्या कातडीला भोक पडले, तेव्हा त्यांनी भर समुद्रात त्यावर चामड्याचे ठिगळ शिवले आणि नाव पुढे नेली.

लेखकाने सांगाड्याविषयी जे लिहिले त्यात मला काही कमी वाटले नाही. पुरवणीच्या पुढच्या एखाद्या अंकात तेवढीच जागा शिवणीला आणि लेपाला द्यावी, आणि तो मजकूर ज्याने किंवा जिने स्वतः सुई धरली आहे, त्यांच्याकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक