पूल पाडण्याआधी पर्यायी मार्गांची परीक्षा घ्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यावर चर्चा झाली ती कोंडीची, बदललेल्या मार्गांची आणि नव्या पुलाच्या मुदतीची. शंभरी ओलांडलेला तो पूल कधीतरी पाडावाच लागणार होता आणि शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तेथे दुमजली पूल हवा आहे, याबद्दल माझा वाद नाही. मात्र एक पूल बंद होताच दादरचा टिळक पूल आणि करी रोडचा अरुंद पूल यांच्यावर असह्य भार पडतो आणि पश्चिमेकडून केईएम किंवा टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला वळसा घ्यावा लागतो, हा दोष शहराच्या रस्त्यांच्या जाळ्याचा आहे.

मुंबईचे मोठे रस्ते उत्तर-दक्षिण धावतात आणि त्यांच्यामधून पश्चिम व मध्य रेल्वेचे रूळही त्याच दिशेने जातात. रूळ ओलांडून पूर्व-पश्चिम जाण्यासाठी मोजके पूल आणि भुयारी मार्ग आहेत. शिडीचे उभे बांबू कितीही भक्कम केले तरी पायऱ्या थोड्या असतील तर एक पायरी निखळताच चढणे अवघड होते, तशी ही स्थिती आहे. किनारी रस्त्यावर आपण प्रचंड खर्च केला, पण तोही उत्तर-दक्षिणच आहे.

अंधेरीच्या गोखले पुलाचा अनुभव या संदर्भात नीट अभ्यासण्यासारखा आहे. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ हाताशी असूनही, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल पूर्ण बंद करण्याची वेळ आली तेव्हा पुरेसा पर्याय उभा राहिलेला नव्हता. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. दोन्ही बाजू सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात वाहने विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, मिलन पूल आणि अंधेरी भुयारी मार्ग यांवर विभागली गेली. यांपैकी अंधेरीचा भुयारी मार्ग जोरदार पावसात पाण्याखाली जातो, हे तेथील प्रत्येक रहिवाशाला ठाऊक आहे. ज्या दिवशी पर्यायाची सर्वाधिक गरज असते त्याच दिवशी जो पर्याय बंद पडतो, त्याला नियोजनात पूर्ण पर्याय म्हणून धरता येणार नाही.

दुसरी उणीव पूल कोणत्या क्रमाने बंद करायचे, या नियोजनाची आहे. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२३ अखेर पूर्ण खुला झाला. ती सर्व वर्षे त्याची वाहतूक एल्फिन्स्टन आणि करी रोडच्या पुलांनी वाहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये शीवचा रेल्वेवरील पूलही बंद झाला. महापालिका, रेल्वे, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि वाहतूक पोलीस आपापल्या कामाचा विचार करतात. परंतु बंद झालेल्या पुलाचा भार नेमका कोणत्या पुलावर जातो आणि तो भार घेणारा पूल त्या काळात किती थकतो, याचा हिशेब सलगपणे कोणी मांडल्याचे नागरिकांना दिसत नाही.

हा हिशेब अशक्य नाही. रस्त्यांच्या जाळ्याचे संगणकीय प्रारूप करून त्यातील एकेक दुवा काढून पाहायचा आणि एकूण प्रवासवेळ किती वाढतो ते मोजायचे, ही वाहतूक अभियांत्रिकीतील रुळलेली पद्धत आहे. मुंबईत ती रूळ ओलांडणाऱ्या प्रत्येक पुलासाठी वापरावी, नंतर शेजारचे दोन दुवे एकाच वेळी बंद धरून आणि त्यानंतर भुयारी मार्ग तुंबलेले धरून पुन्हा वापरावी. अशा तपासणीतून कदाचित असेही दिसेल की एकाच जागी आठ पदरी पूल बांधण्यापेक्षा थोड्या अंतरावर चार-चार पदरी दोन पूल बांधणे अधिक उपयोगी आहे, कारण एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. गर्दीच्या वेळी पूर्ण भरून वाहणारा रस्ता शेजारच्या रस्त्याची वाहने सामावून घेऊ शकत नाही, म्हणून थोडी क्षमता मोकळी ठेवणे ही उधळपट्टी समजू नये.

टिळक पुलाबाबत जुना पूल पाडण्याआधी त्याला लागून नवा केबल स्टेड (जाड तारांनी तोललेला) पूल उभारण्याचा निर्णय झाला, तो मला अत्यंत योग्य वाटतो. जेथे जागा आहे तेथे हाच नियम असावा. जेथे नाही, तेथे पादचारी आणि रुग्णवाहिका यांची सोय आधी सिद्ध करावी, आणि वर सांगितलेल्या तपासणीचा अहवाल पूल पाडण्याच्या निविदेआधी नागरिकांसमोर ठेवून हरकती मागवाव्यात, अशी माझी महापालिका आयुक्तांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई