थर्माकोलचा डबा

पाषाण, पुणे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज जड झाला आणि मला पुढचं बोलवेना, म्हणून लिहिते. परवा मी इथल्या तीन वर्षांच्या कामावर सही केली. कोल्हापूरच्या कॉलेजला नकार कळवला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा लगेच ‘जा’ म्हणाले असते आणि रात्रभर जागले असते.

बाबा, एम.एस्सी.ला काकांच्या गुऱ्हाळामागच्या कुजलेल्या चिपाडातले जिवाणू पुण्याला तपासायला द्यायचे होते आणि मी तापाने पडले होते. तुम्ही पहाटेची एस.टी. धरलीत. आईने पिशव्यांत बर्फ भरून दिला होता. स्वारगेट येईस्तोवर तुमची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाहीत. साताऱ्याला चहालासुद्धा उतरला नाहीत.

आता तसलाच डबा स्कूटीच्या पायाशी ठेवून मी दहा मिनिटांत एनसीएलला, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पोचते. १९५० पासूनची ही प्रयोगशाळा. उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. आपला जिवाणू कुठल्या जातकुळीतला, ते तिथल्या नमुन्यांशी ताडून बघता येतं. लागूनच आयसर ही विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी संस्था. विद्यापीठाच्या आवारात पेशींवर काम करणारे. चिपाडाच्या धाग्यांत साखर घट्ट अडकलेली असते, आपल्या जिवाणूचं एन्झाइम ते धागे तोडतं. पण किती उष्णतेला टिकतं, कशाने मरतं, हे एकटीने एका मशीनवर होणारं काम नाही. इथे अडलं की उठून कुणाकडे तरी जाता येतं. मला त्यासाठीच राहायचंय, पगारासाठी नाही.

कोल्हापूर कमी आहे असं नाही हो. नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली, हे तुम्हीच शंभरदा सांगितलंत. त्यांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थासुद्धा १९८८ मध्ये पुण्यातच उभी राहिली ना? आणि चिपाड तर आपल्याच मातीतलं आहे. ते मी सोडलेलं नाही.

आई, माझी काळजी करू नकोस. खोलीत सकाळचं ऊन येतं, गिझर आहे. डबा देणाऱ्या मावशी मिरजेच्या, रोज भाकरी देतात. आमटीत तुझी चटणी घालते, बरणी निम्मी झाली. ताप आला की अजून तुझा हात कपाळावर हवासा वाटतो, तेवढं मात्र इथे मिळत नाही.

आता ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणाआधी, आठवण झाल्यावर नाही. रंकाळ्यावर उजाडल्याशिवाय जायचं नाही, त्या जुन्या चपला घालून तर मुळीच नाही, तळ गुळगुळीत झालाय. आई, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. मी आदल्या दिवशी येते, चार दिवस राहते, स्वयंपाक माझा. रात्री दोघांनी फोन चार्जिंगला लावूनच झोपायचं.

चैत्रात जोतिबाला येईनच. तेव्हा काकांच्या गुऱ्हाळावरून नवा नमुना न्यायचाय. माळ्यावर तो जुना डबा असेल, टाकू नका. पण आई, काढायला तू स्टुलावर चढू नकोस. मी आल्यावर काढते.

तुमची,
चिमी