भुलीच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, पारोळ्याजवळ हायवेवर ॲक्सिडेंट झालेला मोटारसायकलवाला, बरगड्या मोडलेल्या, मांडीचं हाड तुटलेलं, प्लीहा फुटून पोटात रक्त साचलेलं, त्याचा मी लहान भाऊ. सर्जन साहेबांना पेढे देऊन झाले, तुम्ही मात्र पुढच्या केसला निघून गेलेल्या.

सही घेतानाच तुम्ही स्पष्ट बोलल्या होत्या की फुफ्फुसाला मार आहे, आडवं झोपवून काढलेल्या एक्सरेत छातीतली थोडी हवा कधीकधी दिसतच नाही, बीपी इतका कमी की सीटीला न्यायला वेळ नाही, श्वासाच्या मशीनवर घेतल्यावर ऑक्सिजन पडू शकतो. आमचे मामा भडकले, आधीच घाबरवता कशाला म्हणून. मला विचाराल तर असंच सांगायला पाहिजे.

आणि झालं तेच, पोट उघडलेलं असताना सॅच्युरेशन ९० च्या खाली आणि मग थेट सत्तरीत (कोरोनापासून आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हा आकडा कळतो). नंतर तुम्ही केसपेपरच्या मागे पेनाने काढून दाखवलं ते डोक्यात पक्कं बसलंय. आधी १०० टक्के ऑक्सिजन, मग मशीन काढून हाताने बॅग दाबली तर ती कडक लागतेय, म्हणजे गडबड मशीनची नाही, श्वासाची नळी सरकली का बघितलं, सक्शन टाकून गुठळी अडकली का तेही बघितलं, दोन्ही ठीक, पण डाव्या बाजूला स्टेथोस्कोपने आवाजच येईना आणि बीपी घसरत चाललेला. ट्यूब पंक्चर आणि हवा टायरमध्येच कोंडलेली, तसं, मशीनचा प्रत्येक श्वास ती हवा वाढवतोय. एक्सरेची वाट न बघता बरगड्यांमधून वाट करून दिली, हवा सुस्स करून बाहेर, मग छातीत नळी टाकली.

तरी आकडा ९१-९२ लाच अडकला कारण फुफ्फुस चेपलेलं. मोठमोठे श्वास मारून ९९ आणायच्या मागे तुम्ही लागल्या नाही, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिलीच्या आसपास छोटे श्वास, श्वास सोडल्यावरही थोडं प्रेशर ठेवलं, आणि सर्जनना सांगितलं की रक्त थांबवा आणि आवरा. मांडीत रॉड त्या रात्री नाहीच, बाहेरून फ्रेम लावली.

भाऊ आता घरी आहे, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या त्या स्पायरोमीटरच्या दोन गोळ्या उचलतो, तिसरीसाठी माझ्या पोरीशी शर्यत चालूये. आई येईल त्याला सांगते, "मना पोऱ्याले डॉक्टरबाईनी वाचाडं." वांगी यंदा झकास निघालीत, शनिवारी भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन येतोय, ड्युटी आहे ना तुमची?